बैलाचा खांदा कुठे असतो?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, आणि जेथे बेंदूर साजरा होतो तेथे बेंदराच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे मळण्याची चाल आपल्या राज्याच्या अनेक भागांत आहे. बैलांना धुऊन पुसून, मानेवर हळद आणि तूप किंवा लोणी चोळून, वर्षभर ज्या खांद्याने नांगराचे व गाडीचे जू वाहिले त्या खांद्याला त्या सायंकाळी विसावा दिला जातो. कृषिजीवनातील इतका हृद्य प्रसंग क्वचितच दुसरा असेल. मात्र ज्या जागेला ही हळद लागते ती जागा, शरीररचनाशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, बैलाचा खांदा नव्हेच. ती मान होय. वशिंडाच्या लगेच पुढचा मानेचा माथा. बैलाचा खरा खांदा, म्हणजे खांद्याचा सांधा, तेथून बराच खाली, छातीच्या पुढच्या कोपऱ्याशी असतो आणि त्याला जू कधी स्पर्शही करीत नाही.

हीच गोष्ट गुडघ्याची. पुढच्या पायाचा जो सांधा टेकून बैल बसतो त्याला आपण सारेच गुडघा म्हणतो. प्रत्यक्षात ते बैलाचे मनगट आहे. त्याचा खरा गुडघा मागच्या पायाला, पोटाच्या कडेला, कातडीच्या घडीखाली जवळजवळ लपलेला असतो. आणि मागच्या पायाचा जो टोकदार सांधा मागे वळलेला दिसतो ती त्याची टाच होय.

नावांचा हा घोळ केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. लोकभाषेने आपल्या सोयीसाठी नावे दिली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, यात काही बिघडले नाही. अडचण उत्पन्न होते ती बैल लंगडू लागला म्हणजे. दुखणे खुरात असते, परंतु बैल पाय उचलताना खांदा आखडतो म्हणून डाग खांद्यावर दिला जातो. तापल्या लोखंडाचा डाग कातडीत उतरतो; खुरातला खिळा वा काटा जागच्या जागी राहतो आणि तेथे पू धरतो. ऐन पेरणीच्या दिवसांत बैल पंधरा दिवस बसून राहिला तर लहान शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कोसळते. म्हणून जनावराचे सांधे नेमके कोठे आहेत, त्यांना बांधून ठेवणारे काय असते आणि त्यांना हलविणारे स्नायू कसे काम करतात, याची साधी ओळख शिक्षकांना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना व क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेतले. त्यामुळे येथे लॅटिन नावांचा भार वाचकावर टाकलेला नाही.

दोन बोटांवर उभे जनावर

वर्गातील विद्यार्थ्यांना ही रचना समजावून देण्यास कोणत्याही तक्त्याची आवश्यकता नाही. हाताचा पंजा टेबलावर उभा करावा. मधले बोट आणि अनामिका यांची केवळ टोके टेकवावीत, नखे खाली यावीत अशा बेताने. मग तळहात व मनगट उचलून धरावे. हा झाला बैलाचा पुढचा पाय. टेकलेली दोन नखे म्हणजे दोन खूर. त्यांच्या मागे वर लोंबणारी दोन लहान बोंडे दिसतात ती तर्जनी व करंगळी यांची शिल्लक. अंगठा तर पार नाहीसाच झाला आहे. तळहातातील मधली दोन हाडे एकमेकांस जुळून एक भक्कम नळी बनली, आणि तिच्या पुढच्या बाजूवर त्या जोडाची उभी खाच अजूनही दिसते. त्या नळीच्या वर मनगट, मनगटाच्या वर हात, मग छातीला लागून कोपर. घोड्याने याहून एक पाऊल पुढे टाकले. तो चारही पायांच्या केवळ मधल्या बोटावर उभा असतो.

या रचनेचा लाभ कोणता? पाय लांब झाला आणि खालचा भाग हलका झाला. मनगटाखाली व टाचेखाली मांस जवळपास नाहीच. पायाला हलविणारे सगळे जाड स्नायू वर, धडाच्या जवळ एकवटलेले आहेत; तेथून लांब, पांढऱ्या, दोरासारख्या स्नायुरज्जू खाली खुरापर्यंत जातात आणि वरच्या स्नायूने ओढले की खालचे खूर हलते. कळसूत्री बाहुलीचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला हे उमगावयास वेळ लागणार नाही. पाय जितका खाली हलका तितका तो पुढे-मागे झुलविण्यास श्रम कमी. मैलोगणती चालणाऱ्या, प्रसंगी पळ काढावा लागणाऱ्या प्राण्यांची ही निकड होती.

परंतु लाभाबरोबर धोकाही आला. आपल्या पोटरीला जखम झाली तर आधी मांस कापले जाते. बैलाच्या नळीला काटेरी तार लागली किंवा नांगराचा फाळ लागला तर कातडीखाली थेट स्नायुरज्जूच असतात. मागच्या बाजूची रज्जू तुटली तर खुराचे टोक जमिनीवर न टेकता वर उचलले जाते. असे दिसले की ही साधी जखम नव्हे हे ओळखावे व त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. घट्ट पट्टी व फळ्यांचा आधार देऊन आणि वेळीच टाके घालून असे पाय बरे होऊ शकतात. आठवडा उलटल्यावर मात्र फारसे काही हाती राहत नाही.

हाडाशी हाड न जुळलेला पाय

मनुष्याच्या गळ्याखाली दोन आडवी हाडे असतात. त्यांना आपण हासळीची हाडे म्हणतो, कारण हासळी हा दागिना तेथेच रुळतो. या हाडांमुळे आपले हात छातीच्या पिंजऱ्याशी हाडानेच जोडलेले आहेत. गाय, बैल, म्हैस, घोडा, शेळी, मेंढी यांच्यापैकी एकालाही हे हाड नाही. परिणाम असा की, त्यांचे पुढचे दोन पाय धडाशी कोणत्याही सांध्याने जोडलेले नाहीत. फऱ्याचे पसरट हाड बरगड्यांवर केवळ टेकलेले असते. ते जागेवर राहते ते स्नायूंच्या बळावर.

या स्नायूंत सर्वांत महत्त्वाचा जो आहे तो पंख्यासारखा पसरलेला असून, फऱ्याच्या आतील बाजूपासून निघून मानेच्या मणक्यांना व बरगड्यांना करवतीच्या दातांप्रमाणे चिकटतो. दोन्ही बाजूंच्या अशा दोन स्नायूंची मिळून एक झोळी तयार होते आणि तिच्यात जनावराची सगळी छाती तोललेली असते. उभ्या बैलाच्या देहभाराचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा पुढच्या दोन पायांवर येतो. डोके, शिंगे, मान, छाती हे सारे पुढेच आहे. म्हणजे चारशे किलो वजनाच्या बैलाचे दोनशेहून अधिक किलो वजन कोणत्याही हाडाच्या आधाराविना मांसाच्या झोळीत झुलत असते. ओबडधोबड रानात पाय आदळला की धक्का या झोळीत जिरतो आणि छातीपर्यंत पोहोचत नाही. बैलगाडीच्या कमानी पाट्यांचे काम निसर्गाने येथे मांसाकडून करून घेतले आहे.

आता ओढण्याच्या क्रियेकडे वळू. बैल खांद्याने ओढतो असे आपण म्हणतो, परंतु जोर उत्पन्न होतो तो मागे. पुठ्ठ्याचे आणि मांडीचे स्नायू हे शरीरातील सर्वांत दांडगे स्नायू. ते आखडतात, मागचा पाय जमिनीला मागे रेटतो, तो रेटा खुब्याच्या सांध्यातून कमरेच्या हाडात, तेथून पाठीच्या कण्यात आणि कण्याच्या वाटेने पुढे मानेपर्यंत पोहोचतो व अखेर जुवाला मिळतो. मागचा पाय धडाशी हाडानेच पक्का जोडलेला असल्यामुळे हा जोर वाटेत वाया जात नाही. पुढचे पाय मुख्यतः तोल सांभाळतात आणि भार झेलतात.

जू जेथे अडते ते वशिंड ही आपल्या देशी गोवंशाची खूण. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या राज्यातील सर्व जातींना ते आहे. युरोपातील होल्स्टिन वा जर्सी यांना नाही. त्याच्या गाभ्यात फऱ्यांना पाठीच्या कण्याशी बांधणारा स्नायू असून त्यात व भोवती चरबी असते. हा काही जू अडकविण्यासाठी केलेला खुंटा नव्हे, पण मनुष्याने त्याचा तसा उपयोग हजारो वर्षे करून घेतला. दिवसभर सावकाश ओढताना बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका जोर टिकवून धरू शकतो. चारशे किलोच्या बैलाचा हा चाळीस किलोचा जोर लाकडाच्या हातभर पट्टीतून कातडीच्या थोड्याशा जागेवर येतो. जू ओबडधोबड असेल, त्याला कंगोरा असेल, दोन बैलांच्या उंचीत फरक असेल, किंवा गाडीतले ओझे चाकाच्या पुढे फार झाले असेल, तर त्या जागेतील रक्ताभिसरण दबते, कातडी घासते आणि खांदेसूज उद्भवते. उलट ओझे मागे गेले तर गाडी उलाळते व जुंपणी गळ्याला आवळते. गाडीवानाने ओझे भरतानाच दांडी हाताने उचलून तोल पाहावा ही जुन्या जाणत्या लोकांची सवय शास्त्राला पूर्णपणे धरून आहे.

खांदेसूज झालेल्या बैलाला पुन्हा त्याच जुवाला जुंपू नये. जू तासून गुळगुळीत करावे, रुंद करावे, त्यावर गादी बसवावी. ताज्या सुजेला गार पाण्याच्या घड्या. जुन्या, कठीण झालेल्या गाठीला मात्र पशुवैद्यकाचाच हात लागला पाहिजे.

सांध्याच्या आतील जग

सगळेच सांधे हलतात असे नाही. कवटीची हाडे एकमेकांत शिवल्यासारखी असतात. मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात व तेथे हालचाल बेताचीच होते. गाईच्या मानेत मणके सात. आपल्या मानेत सात आणि जिराफाच्याही मानेत सातच, हे मुलांना सांगितले तर त्यांना विश्वास बसत नाही.

खऱ्या अर्थाने हलणारे सांधे म्हणजे पायांचे. त्यांत हाडांच्या टोकांवर काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. दोन्ही टोकांना वेढणारी एक पिशवी असते, तिच्या आतील अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव पाझरतो. हा द्रव म्हणजे सांध्याचे वंगण. पिशवीच्या बाहेर आणि काही सांध्यांत आतही, चिवट अस्थिबंध हाडांना बांधून ठेवतात. खांदा व खुबा हे उखळीचे सांधे, कोपर बिजागरीसारखे, मनगटात आणि टाचेत लहान लहान हाडांच्या रांगा असून ती एकमेकांवर थोडी थोडी सरकतात.

यातील कूर्चेविषयी दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण त्या वंगणातूनच होते, आणि तेही सांधा हलला, कूर्चा दाबली गेली व सुटली, म्हणजे. ओल्या स्पंजाप्रमाणे ती द्रव सोडते आणि शोषते. एकाच खुंटीला आखूड दाव्याने महिनोन्‌महिने बांधलेल्या जनावराचे सांधे म्हणूनच आखडतात. रोज थोडे फिरवून आणणे ही चैन नसून सांध्याचे खाद्य आहे. मज्जातंतू नसल्यामुळे कूर्चा झिजू लागली तरी प्रारंभी दुखत नाही. बैल लंगडू लागतो तेव्हा झीज बरीच खोल गेलेली असते, आणि झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्वीसारखी भरून येत नाही. तरुणपणी अतिरिक्त ओझी वाहिलेल्या बैलाच्या टाचेच्या सांध्यावर पुढे हाड वाढते व सांधा कायमचा ताठरतो, त्याचे मूळ यातच आहे.

सांध्याच्या पिशवीला भोक पडले तर मात्र तातडीचा प्रसंग जाणावा. जखमेतून पिवळसर, बोटांत तार धरणारा द्रव येऊ लागला की सांधा उघडा पडला असे समजावे. जंतूंना वाढीसाठी याहून चांगली जागा नाही. अशा जखमेत राख, माती, शेण, जळके तेल यांपैकी काहीही घालू नये. स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांना बोलवावे. नवजात वासरांत हेच जंतू बाहेरच्या जखमेतून नव्हे तर नाळेतून शिरतात. बेंबी सुजते, काही दिवसांनी दोन-तीन सांधे एकदम फुगतात, वासरू उठेनासे होते. जन्मताच नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडविली आणि जागा कोरडी ठेवली तर हे बहुतांशी टळते. अशी स्वस्त उपाययोजना पशुवैद्यकशास्त्रात दुसरी क्वचितच असेल.

मागच्या पायाचे दोन सांधे

मागच्या पायात खुबा आणि खरा गुडघा यांच्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. खुब्याच्या उखळीत मांडीच्या हाडाचा गोळा बसलेला असतो व एक आखूड अस्थिबंध त्याला आतून धरतो. घोड्याला त्याच्या जोडीस आणखी एक अस्थिबंध असतो, त्यामुळे त्याचा पाय बाजूला फारसा फाकत नाही व घोडा लाथ मारतो ती मुख्यतः मागे. गाईला हा दुसरा अस्थिबंध नाही. म्हणून ती बाजूला, दूध काढणाऱ्याच्या अंगावर लाथ मारू शकते. धार काढणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतेच! परंतु त्याच मोकळेपणामुळे गुळगुळीत जमिनीवर गाईचे मागचे पाय दोहोंकडे फाकले तर खुबा निखळण्याची भीती असते. व्याल्यानंतर अशक्त झालेल्या गाईंत हा अपघात अधिक होतो, कारण व्यायच्या सुमारास कमरेचे अस्थिबंध सैल पडलेले असतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस खळगे पडले की गाय आता व्यायला झाली असे गोपालक सांगतो, ते या सैलपणावरूनच. गोठ्याला सिमेंटचा घोटीव कोबा करू नये, केल्यास त्यावर आडव्या-उभ्या खाचा पाडाव्यात, हा सल्ला यासाठी आहे. गोठ्याच्या अनुदानाच्या प्रस्तावांत छप्पर व गव्हाण यांची चर्चा होते, जमिनीची सहसा होत नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

गुडघ्यावर आपल्याप्रमाणेच बैलालाही एक वाटी असते. घोडा ही वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवून ठेवतो आणि उभ्या उभ्या डुलकी घेतो; त्याच्यासाठी ती सोय आहे. बैलांत मात्र ही वाटी अवचित वर अडकली की तो आजार ठरतो. पाय मागे ताठ राहतो, खूर जमिनीवर घासटत जाते, आणि मग एकदम झटका बसून पाय मोकळा होतो. सकाळी पहिली काही पावले असे होते व चालून अंग मोकळे झाल्यावर कमी होते. म्हणून बाजारात दलाल आधी बैल फिरवून आणतात. विकत घेणाऱ्याने बैल बसलेला असताना पाहावा, उठवावा आणि त्याची पहिली दहा पावले डोळ्यांत तेल घालून पाहावीत. यावर डाग, दोरे, लेप यांचा काडीचाही उपयोग होत नाही. वाटीला आतल्या बाजूने धरणारा अस्थिबंध, जागा बधिर करून, लहानशा छेदातून तोडला की बहुतेक बैल तेथल्या तेथे मोकळेपणाने चालू लागतात. ही शस्त्रक्रिया काही मिनिटांची आहे.

स्नायू, ऊन आणि कायदा

जनावराच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. स्नायू ढकलू शकत नाही. तो फक्त आखडू शकतो. म्हणून प्रत्येक सांध्याला ते विरुद्ध जोड्यांनी लाभलेले आहेत, एक वाकविणारा व एक सरळ करणारा. शरीरातील इंधनापैकी जेमतेम पाव हिस्सा स्नायू कामात उतरवितात, उरलेला उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. थंडीत ही उष्णता उपकारक. वैशाखातल्या दुपारी तीच जनावराच्या जिवावर उठते. म्हशीला व रेड्याला घामाच्या ग्रंथी कमी असल्याने त्यांची स्थिती अधिकच बिकट होते.

भारवाहू जनावरांविषयी केंद्र शासनाने १९६५ साली केलेल्या नियमांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कोणतेही जनावर दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक वापरता येत नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही. आणि जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. टोचणीची काठी वापरण्यास मनाई आहे. ओझ्याची मर्यादा जनावराच्या वजनावरून, म्हणजे २०० किलोपर्यंत, २०० ते ३५० किलो आणि त्याहून अधिक अशा तीन प्रतींत, ठरविलेली असून गाडीच्या चाकांना हवेचे टायर आहेत की नाहीत हेही त्यात विचारात घेतले आहे. ऊस वाहतुकीच्या हंगामात टायरगाड्यांवर ओझे कसे चढविले जाते ते कारखान्यांच्या रस्त्यांवर कोणासही दिसते. टायरमुळे गाडी सपाट रस्त्यावर हलकी जाते हे खरे, पण चढावर आणि शेतातून बाहेर काढताना सगळा भार त्याच चार खुब्यांवर आणि आठ खुरांच्या जोडांवर येतो.

वयाचा मुद्दाही येथेच आला. लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर असतो, आणि गोवंशात काही हाडांचे हे थर सुमारे साडेतीन ते चार वर्षांपर्यंत पक्के होत नाहीत. दुदाती खोंड दिसावयास भरदार असतो, पण त्याची हाडे अजून वाढीला लागलेली असतात. त्याला हलक्या कामाने शिकवावे. मोठी ओझी दात जुळत आल्यावर. शेतकऱ्याने दातांवरून काम ठरविण्याची जी रीत बसविली ती हाडांच्या वेळापत्रकाशी आश्चर्यकारकरीत्या जुळते.

स्नायूंच्या रोगांत फऱ्या हा सर्वांत भयंकर. कोठे कोठे त्याला एकटांग्या असेही म्हणतात. ही दोन्ही नावे किती अचूक आहेत पाहा! फऱ्यावर किंवा पुठ्ठ्यावर सूज येते, जनावर एका पायाने लंगडते, ताप भडकतो. सूज दाबली असता आत वायू झाल्यामुळे चरचर आवाज येतो. या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षे बीजरूपाने राहतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची, चांगली पोसलेली जनावरे त्याला अधिक बळी पडतात व अनेकदा दोन दिवसांच्या आत दगावतात. अगदी प्रारंभी पेनिसिलिन मिळाले तरच आशा. पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच खरा उपाय. मेलेले जनावर सोलू वा फाडू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. अन्यथा तेवढी जमीन पुढील कित्येक वर्षे जंतूंचे कोठार बनते. ही जागा नेमून देणे आणि पुरण्याची व्यवस्था पाहणे हे ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावयाचे काम आहे. तिवा या तीन दिवसांच्या तापातही जनावर लंगडते. पण त्यात लंगडेपणा आज या पायात तर उद्या त्या पायात असा फिरतो, चरचर नसते, आणि विश्रांती मिळाल्यास बहुतेक जनावरे उठतात.

उठणे, बसणे आणि न उठणे

घोडा उठताना आधी पुढचे पाय उभे करतो. गाय-बैल आधी मागचा भाग उचलतात, आणि त्या वेळी पुढचा भाग मनगटांवर टेकलेला असतो. मागचा जड भाग उचलण्यासाठी गाय डोके व मान जोराने पुढे झोकते. गव्हाण फार जवळ असेल किंवा दावे फार आखूड असेल तर हा झोक मिळत नाही. ती पुन्हा पुन्हा मनगटांवर आपटते, आणि तेथे नारळाएवढी पाणथळ सूज येते. पुष्कळदा ही सूज दुखतही नाही. ती फोडू नये. दावे लांब करावे, खाली पेंढा किंवा जुने रबर अंथरावे. क्वचित अशी सूज सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाचे लक्षण असू शकते व तो रोग माणसांनाही होतो. म्हणून एकाच गोठ्यात अनेक जनावरांना ती दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी.

व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत भरपूर दुधाची गाय एकाएकी बसते, मान एका कुशीकडे वळविते, कान थंड पडतात. दुधावाटे कॅल्शियम निघून गेल्याने स्नायूंना आखडण्याची शक्तीच उरलेली नसते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर अशी गाय तासाभरात उठलेली पाहणे हा एक विलक्षण अनुभव असतो. मात्र डॉक्टर येईपर्यंतचे तास मोलाचे आहेत. चारशे किलोचे शरीर एकाच मांडीवर सहा-आठ तास पडून राहिले तर खालच्या स्नायूंत रक्त पोहोचत नाही, ते मरू लागतात, आणि नंतर कॅल्शियम दिले तरी गाय उठत नाही. तिला पोटावर बसते करावे, खाली जाड अंथरूण द्यावे आणि दर तीन-चार तासांनी कूस पालटावी. चार माणसे लागतात. शेजाऱ्यांनी हात लावावा.

पत्री मारताना बैल पाडावा लागतो तेव्हाही हेच सूत्र. उघड्या दगडी जमिनीवर कुशीवर जोराने पाडल्यास फऱ्याखालून जाणारा मज्जातंतू दबतो आणि बैल उठल्यावर कोपर खाली पडलेले, पाय ओढत चाललेला असा दिसतो. हाड मोडलेले नसते, सांधा निखळलेला नसतो. मऊ जागेवर पाडावे, काम लवकर उरकावे. आठवडे बाजाराच्या जागेवर जनावरे वाहनातून उतरविण्यासाठी मातीचा उतरता धक्का बांधला तर उड्या मारून खुबे व मनगटे दुखावण्याचे प्रकार कमी होतील. त्याला खर्च थोडा आहे.

लंगडा पाय कसा ओळखावा

बैलाला सपाट, कठीण जमिनीवरून समोर येताना व दूर जाताना चालवावे. दुखरा पुढचा पाय टेकताना तो डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वर उचलला जातो. पाय कळला की तपासणी खालून वर न्यावी: प्रथम खूर धुऊन दोन्ही खुरांच्या मधली फट व तळवा पाहावा, कारण गोवंशातील लंगडेपणा बहुतेक वेळा खुरातच असतो, मग नळी, मनगट किंवा टाच, कोपर किंवा गुडघा, आणि सर्वांत शेवटी खांदा व खुबा. हात फिरविताना दुसऱ्या बाजूच्या त्याच सांध्याशी ताडून पाहावे. ऊब, सूज आणि दाबल्यावर अंग चोरणे या तीन गोष्टी कळल्या तरी पुरे.

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा खेड्यापर्यंत पोहोचू शकणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आज तालुक्या-तालुक्यांत दवाखाने असून, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. दूरध्वनी करताना पाच गोष्टी सांगाव्यात: कोणता पाय, केव्हापासून, जनावर पाय टेकते की नाही, सूज कोणत्या सांध्यावर आहे, आणि जखमेतून काही गळत असल्यास त्याचा रंग. “खांदा धरला आहे” असे न म्हणता “पुढचा उजवा पाय, मनगटाच्या खाली” असे सांगितले तर येणारा डॉक्टर योग्य ती औषधे व साधने घेऊन निघू शकतो.